उतार आणि वारा : मावळच्या डोंगरांतून दिसणारा विमानाचा पूर्वेतिहास

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम कडेला दख्खनचे पठार एकाएकी तुटून कोकणात उतरते आणि त्या तुटलेल्या कडेला लागूनच आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ ही खोरी पसरली आहेत. समुद्रावरून निघालेला पश्चिमेचा वारा कोकणपट्टी ओलांडून सह्याद्रीच्या कड्याला भिडला, की त्याला पुढे जायला वाट उरत नाही आणि तो कड्याच्या अंगाने वर चढू लागतो. पावसाळ्यात हा चढता वारा डोळ्यांनाही दिसतो, कारण जुन्नरजवळच्या नाणेघाटात तो धबधब्याचे पाणी खाली पडू न देता माथ्याकडे परत उधळतो. उन्हाळ्यात तोच वारा घारींच्या उपयोगी पडतो, आणि लोहगड-विसापूरच्या कड्यांवर त्या पंख न हलवता बराच वेळ तरंगत राहतात. लोणावळ्यापासून सुमारे १५ किलोमीटरवर असलेल्या कामशेतच्या परिसरात १९९० च्या दशकापासून माणसेही याच वाऱ्यावर तरंगू लागली असून, महाराष्ट्रातील पॅराग्लायडिंगचे सर्वांत परिचित ठिकाण म्हणून आज हे गाव ओळखले जाते. या उड्डाणांकडे सुट्टीतला साहसी खेळ म्हणून पाहण्याची रीत आहे. परंतु पहिले विमान ज्या क्रमाने घडले तो क्रम समजून घ्यायचा असेल, तर कामशेतच्या टेकडीइतके बोलके ठिकाण जवळपास दुसरे सापडणार नाही.

पॅराग्लायडर म्हणजे कापडाचा असा पंख, की ज्याला सांगाडा नसतो. पुढच्या कडेच्या फटींतून आत शिरलेली हवा त्याच्या कप्प्यांत दाबली जाते आणि तिच्यामुळेच पंखाला आकार येतो. वैमानिक त्याच्या खाली बारीक पण मजबूत दोऱ्यांना जोडलेल्या हार्नेसमध्ये, म्हणजे पट्ट्यांच्या आसनात, बसतो. हा पंख स्थिर हवेत सेकंदाला साधारण एक मीटर या वेगाने खाली येत असतो आणि त्याच वेळी पुढेही सरकत असतो. आता समजा, समोरून सेकंदाला सहा मीटर वेगाचा वारा येत आहे आणि ज्या उतारावर तो चढतो आहे तो पाच मीटर अंतराला एक मीटर उंची वाढवणारा आहे. तर ती हवा सेकंदाला सुमारे सव्वा मीटर या वेगाने वर जाईल आणि पंखाची घसरण भरून काढूनही थोडी उचल शिल्लक राहील. म्हणून उतारासमोर इकडून तिकडे फेऱ्या घालणारा वैमानिक इंजिनाशिवाय उंचावरच राहतो. आपल्याभोवतीच्या हवेच्या तुलनेत तो सतत खाली येत असतो, पण ती हवाच त्याला घेऊन वर चढत असते, ही गोष्ट एकदा ध्यानात आली की विमानविद्येची पहिली शंभर वर्षे उलगडू लागतात.

त्या शंभर वर्षांचा आरंभ इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या जॉर्ज केली यांच्यापासून धरावा लागतो. पक्ष्याप्रमाणे पंख फडफडवूनच उडता येईल, या समजुतीने त्यांच्या आधीच्या अनेकांना चुकीच्या वाटेला नेले होते. केली यांनी १७९९ साली चांदीच्या एका लहान चकतीवर एका बाजूला पंखावर लागणारी बले कोरली आणि दुसऱ्या बाजूला स्थिर पंख व शेपटी असलेल्या यानाचे चित्र काढले. वजन तोलणारी उचल आणि पुढे ढकलणारा जोर ही दोन वेगळी कामे असून ती दोन वेगळ्या अवयवांकडे सोपवावीत, हा त्यातला विचार आजच्या प्रत्येक प्रवासी विमानाच्या मुळाशी आहे. १८०४ साली त्यांनी पतंगासारखा पंख लावलेले एक लहान ग्लायडर, म्हणजे इंजिनाविना तरंगत जाणारे यान, तयार केले आणि ते टेकडीच्या उतारावरून सोडून पाहिले. विमानविद्येची पहिली प्रयोगशाळा अशी डोंगरउतारावर उभी राहिली.

केली यांचा विचार प्रत्यक्ष माणसाच्या अंगावर चढवला तो जर्मनीच्या ऑटो लिलिएनथाल यांनी, आणि या सबंध इतिहासात सर्वांत अधिक आदर वाटावा अशी व्यक्ती बहुधा तीच आहे. व्यवसायाने अभियंता असलेल्या लिलिएनथाल यांनी करकोच्यांच्या उड्डाणाचा आणि वक्र पंखांवर लागणाऱ्या बलांचा अनेक वर्षे अभ्यास करून १८८९ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यानंतर दोन वर्षांनी, १८९१ मध्ये, ते स्वतः पंख बांधून उतारावरून धावू लागले. विलोच्या फांद्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणलेले सुती कापड असे त्यांचे ग्लायडर साधारण २० किलो वजनाचे असे. जवळपास योग्य टेकडी नव्हती म्हणून १८९४ साली त्यांनी बर्लिनजवळ सुमारे १५ मीटर उंचीची मातीची टेकडीच उभारून घेतली. तिला शंकूचा आकार दिल्यामुळे वारा कोणत्याही दिशेने आला तरी त्याच्या समोर धावता येत असे. ज्या देशात डोंगर मुबलक आहेत तेथील वाचकाला या खटाटोपाचे मोल चटकन कळणार नाही, पण वाऱ्याकडे तोंड केलेला उतार ही उडण्यासाठी पंखाइतकीच आवश्यक सामग्री आहे, हे लिलिएनथाल यांनी ओळखले होते.

सुमारे दोन हजार उड्डाणे करून, त्यांतील काहींत अडीचशे मीटरपर्यंत अंतर कापून, त्यांनी दाखवून दिले की उड्डाण हे गणिताइतकेच सरावाचे काम आहे. त्यांच्या यानात मात्र एक मोठी उणीव राहिली होती. तोल सांभाळण्यासाठी ते सांगाड्याला हातांनी लटकून पाय आणि धड एका बाजूला झोकत असत, म्हणजे यानाचा गुरुत्वमध्य हलवत असत. आणि पंख जितका मोठा, तितका हा उपाय तोकडा पडे. ९ ऑगस्ट १८९६ रोजी वाऱ्याच्या झोतात त्यांच्या ग्लायडरचे नाक वर उचलले गेले, पंखावरील हवेचा प्रवाह तुटून उचल नाहीशी झाली आणि ते सुमारे १५ मीटरवरून कोसळले. पाठीचा कणा मोडल्याने दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला.

घारी-गिधाडांकडून तरंगण्याची कला शिकण्याचा प्रयत्न पूर्वेच्या उष्ण देशांतही चालू होता. फ्रान्सच्या लुई मुयार यांनी इजिप्तमधील गिधाडांचे निरीक्षण करून १८८१ साली ग्रंथ लिहिला, तर आग्र्याला सरकारी रसायन-परीक्षक असलेले अर्नेस्ट हॅन्किन यांनी भारतीय घारी व गिधाडे दिवसाच्या कोणत्या वेळी, कशा हवेत तरंगू लागतात याच्या बारीक नोंदी ठेवून पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर त्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. ऊन तापल्यावर जमिनीवरून गरम हवेचे जे स्तंभ वर चढतात त्यांना आज थर्मल म्हणतात, आणि कामशेतचे वैमानिक अजूनही घिरट्या घालणारी घार पाहूनच ते शोधतात.

लिलिएनथाल यांच्या मृत्यूच्या बातमीने अमेरिकेतील डेटन गावच्या, सायकलींचा व्यवसाय करणाऱ्या विल्बर आणि ऑर्व्हिल राइट या बंधूंचे लक्ष या प्रश्नाकडे वेधले. त्यांनी इंजिनाचा प्रश्न मागे ठेवला आणि तोल हा खरा प्रश्न मानला, यातच त्यांच्या यशाचे बीज आहे. सायकल जशी मुळात अस्थिर असते आणि स्वार तिला क्षणोक्षणी सावरतो, तसेच विमानही सावरता आले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १८९९ साली त्यांनी एका मोठ्या पतंगावर पंख मुरडण्याची युक्ती करून पाहिली: दोऱ्या ओढून एका बाजूच्या पंखाची कड वर आणि दुसऱ्या बाजूची खाली वळवली, की एका पंखाला अधिक व दुसऱ्याला कमी उचल मिळते आणि यान हव्या त्या बाजूला कलते. पॅराग्लायडरचा वैमानिक ब्रेकची दोरी ओढून पंखाची मागची कड एका बाजूने खाली खेचतो, तेव्हा आकार बदलून वळण्याचे हेच तत्त्व वेगळ्या साधनाने वापरले जात असते.

वारा भरपूर आणि पडले तर वाळू मऊ, म्हणून राइट बंधूंनी उत्तर कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरील किटी हॉक हे ठिकाण निवडले आणि १९०० पासून ओळीने तीन वर्षे तेथील वाळूच्या टेकड्यांवर ग्लायडर उडवले. १९०१ च्या ग्लायडरला गणितानुसार अपेक्षित होती त्याच्या जेमतेम एक-तृतीयांश उचल मिळाली, तेव्हा त्यांनी प्रचलित आकडेवारीवरच शंका घेतली. घरी परतून त्यांनी सहा फूट लांबीची एक लाकडी पेटी तयार केली, तिच्यातून पंख्याने वारा सोडला आणि पंखांचे सुमारे दोनशे लहान नमुने त्यात तपासले; हवेच्या दाबाचा जो गुणांक शतकाहून अधिक काळ प्रमाण मानला जात होता तो बराच फुगवलेला असल्याचे त्यांना आढळले. त्या मोजमापांवर आधारलेले १९०२ चे ग्लायडर, मागे फिरते सुकाणू बसवल्यानंतर, सर्व दिशांनी ताब्यात राहू लागले. विमानाचा शोध खऱ्या अर्थाने त्या वर्षीच लागला, असे म्हणणे धाडसाचे नाही. १७ डिसेंबर १९०३ रोजी बारा अश्वशक्तीचे इंजिन बसवून ऑर्व्हिल यांनी १२ सेकंदांत सुमारे ३७ मीटर अंतर कापले आणि त्याच दिवशी विल्बर ५९ सेकंद हवेत राहिले, हे सर्वांना ठाऊक असते. १९११ च्या ऑक्टोबरमध्ये ऑर्व्हिल इंजिन बाजूला ठेवून पुन्हा त्याच टेकड्यांवर गेले आणि उतारावरच्या वाऱ्यात ९ मिनिटे ४५ सेकंद तरंगत राहिले, हे मात्र क्वचित सांगितले जाते. तो विक्रम पुढे दहा वर्षे टिकला.

मराठी वाचकांसमोर हा इतिहास मांडताना शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव टाळणे योग्य होणार नाही. मुंबईच्या या संस्कृतज्ञाने १८९५ साली गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे मनुष्यविरहित यान उडवले, अशी कथा फार लोकप्रिय आहे; परंतु तिला दुजोरा देणारी समकालीन नोंद अभ्यासकांसमोर आलेली नाही. या कथेशी ज्या ‘वैमानिकशास्त्र’ ग्रंथाचा संबंध जोडला जातो त्याची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली केली, तेव्हा तो ग्रंथ १९०४ पूर्वीचा नसून त्यात वर्णिलेली याने उडण्याजोगी नाहीत, असा निष्कर्ष निघाला. तळपद्यांच्या जिज्ञासेबद्दल आदर बाळगूनही एक फरक नोंदवावा लागतो: लिलिएनथाल आणि राइट यांच्या कामाचे पुरावे म्हणून मोजमापांचे तक्ते, छायाचित्रे आणि फसलेल्या प्रयोगांच्या नोंदी मागे उरल्या, आणि त्या नोंदींच्या आधारेच पुढच्या माणसाला एक पाऊल पुढे टाकता आले. आकाशगामी रथाची कल्पना मात्र मावळात फार जुनी आहे. भाजे लेण्यांतील विहाराच्या ओवरीत चार घोड्यांचा रथ अंधाराच्या राक्षसी आकृतींवरून धावताना कोरलेला असून तो सामान्यतः सूर्याचा रथ मानला जातो. शिल्प म्हणून त्याचे मोल अपार आहे आणि त्यासाठी त्याला यंत्र ठरवण्याची गरज नाही.

भारतात इंजिनाचे विमान १९१० च्या सुमारास आले. जानेवारी १९११ मध्ये औरंगाबादजवळच्या लष्करी सरावात ब्रिस्टल कंपनीच्या विमानातून टेहळणी करण्यात आली आणि १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रे नेली. ही सपाट मुलखातील उड्डाणे होती. सह्याद्री ओलांडण्याचा प्रश्न नियमितपणे पुढे आला तो १९३२ साली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. त्यांचे ‘पस मॉथ’ हे एका इंजिनाचे लहान विमान होते, आणि मद्रासच्या वाटेवर पहिला अडथळा सह्याद्रीच्या भिंतीचा होता.

पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात बुडत असल्यामुळे टाटांचा तो इवलासा संसार, म्हणजे विमाने, वैमानिक आणि यंत्रज्ञ, पुण्याला हलवावा लागे आणि येरवडा तुरुंगाच्या सावलीतले एक मैदान धावपट्टीचे काम करी. बोरघाटाच्या माथ्यावर त्या दिवसांत ढग टेकलेले असतात. शिवाय कड्याच्या पश्चिम अंगाला वर चढणारा वारा माथा ओलांडला की पूर्वेच्या अंगाला खाली कोसळतो. त्यामुळे पुण्याकडून मुंबईकडे जाणाऱ्या हलक्या विमानाला समोरचा वारा, खाली दाबणारी हवा आणि झाकलेले डोंगर या तिन्हींना एकाच वेळी तोंड द्यावे लागते. टाटा घराण्याच्याच कंपनीने लोणावळा, वळवण आणि शिरवता येथील तलावांचे पाणी याच कड्यावरून खोपोलीला सोडून १९१५ साली वीज निर्माण केली होती. कड्याची जी उंची पाण्याला शक्ती देते तीच वाऱ्यालाही वर ढकलते, हा योगायोग मावळच्या भूगोलातच आहे.

इंजिने बलवान होत गेली तसा उतार मागे पडला, पण विसरला गेला नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने जर्मनीत इंजिनाच्या विमानांवर कडक बंधने आली, तेव्हा तेथील तरुण १९२० पासून र्‍हॉन डोंगरातल्या वासरकुपे या माथ्यावर जमू लागले आणि १९२२ साली तेथे ग्लायडर प्रथमच तासाहून अधिक काळ हवेत राहिले. भारतातही पुण्याजवळ हडपसरला सरकारी ग्लायडिंग केंद्र उभे राहिले. तेथे ग्लायडरला विंचच्या दोराने ओढून वर चढवतात, म्हणून उताराची गरज पडत नाही. दुसरीकडे अमेरिकेत फ्रान्सिस रोगॅलो यांनी १९४८ साली सांगाड्याविना लवचीक पंख तयार केला, १९६० च्या दशकात डॉमिना जाल्बर्ट यांनी हवेने फुगणारा कप्पेदार पंख घडवला, आणि १९७८ साली फ्रान्सच्या मियुसी गावात तीन पॅराशूटपटूंनी असा पंख घेऊन विमानातून उडी मारण्याऐवजी डोंगरउतारावरून धाव घेतली. लिलिएनथाल यांचे २० किलोचे ग्लायडर जिथून सुटले होते तिथेच सुमारे पाच किलोचा कापडी पंख घेऊन माणूस परतला.

कामशेतला नव्याने शिकणाऱ्याला पहिले काही तास उडू दिले जात नाही. सपाट मैदानावर वाऱ्याकडे तोंड करून पंख डोक्यावर उभा करणे आणि तो तिथेच तोलून धरणे, याला ग्राउंड हँडलिंग म्हणतात व ते जमेपर्यंत उतारावर नेत नाहीत. त्यानंतर लहान उतारावरून धाव, काही मीटर तरंगणे आणि पुन्हा पंख गोळा करून चढण, असे दिवसभर चालते. माथ्यावर विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, लावलेली असते. तिचे तोंड फिरले किंवा वारा वाढला, तर प्रशिक्षक सर्वांना खाली बसवून ठेवतो. परिसरातील टेकड्यांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना असल्याने त्या दिवशीच्या वाऱ्यानुसार टेकडी निवडता येते, आणि बर्लिनजवळच्या त्या शंकूच्या टेकडीने जे साधले होते ते येथे डोंगरांनीच करून ठेवले आहे. मे महिना सरताना पश्चिमेचा वारा बेभरवशाचा होतो, तेव्हा पंख घड्या घालून ठेवले जातात. पाऊस संपून उतार वाळले, पवनेच्या धरणावरचे ढग विरळ झाले, की दिवाळीच्या सुमारास ते पुन्हा उघडतात.