बाळाचा लुळा हात आणि डॉ. क्लुम्पके

बाळ एक हात हलवत नाही म्हणून आया आमच्याकडे येतात. तोवर घरात 'नजर लागली', 'पोटुशी असताना ग्रहण पाळलं नाही' असं बोलून झालेलं असतं, आणि हाताला रगडून मालिशही. कारण बहुधा मानेजवळ असतं. बाळंतपणात खांदा अडकला, ओढ बसली, की मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या जातात.

बाळांमध्ये जास्त करून वरच्या नसा दुखावतात. मग खांदा आणि कोपर लुळे पडतात. खालच्या नसा दुखावल्या की पंजा लुळा पडतो. कधी त्याच बाजूची पापणी खाली येते, बाहुली बारीक होते. हाताचा आणि डोळ्याचा संबंध काय? १८८५ मध्ये पॅरिसमध्ये शिकणाऱ्या ओग्युस्ता क्लुम्पके यांनी तो दाखवून दिला. छातीच्या पहिल्या मणक्याशी निघणाऱ्या नसेच्या मुळातूनच बाहुलीकडे जाणारे तंतू निघतात. या लुळेपणाला आजही त्यांचंच नाव आहे.

त्यांचा जन्म १८५९ चा, अमेरिकेतला. मुलींना शिकवायचंच म्हणून आई त्यांना घेऊन युरोपात आली. पॅरिसच्या वैद्यकीय महाविद्यालयात मुलींना प्रवेश होता, पण इस्पितळातल्या निवासी डॉक्टरच्या परीक्षेला बसायला बंदी. बाईला हे झेपणार नाही, असं मोठमोठे डॉक्टरच म्हणत. शिका, पण पुढे जाऊ नका. ही तऱ्हा आपल्याला चांगली ठाऊक आहे. अखेर १८८५ मध्ये पुबेल नावाच्या अधिकाऱ्याने हुकूम काढून दार उघडलं. (घरोघरी कचऱ्याचे डबे सक्तीचे करणारे हेच. फ्रेंचमध्ये डब्याला अजून 'पुबेल' म्हणतात.) १८८६ मध्ये क्लुम्पके पास झाल्या, असं पद मिळवणारी पहिली बाई. पुढे नवरा डॉ. देजेरीन यांच्यासोबत मेंदूच्या रचनेवर मोठा ग्रंथ लिहिला. १९१४ मध्ये पॅरिसच्या मज्जासंस्थातज्ज्ञांच्या संस्थेच्या त्या अध्यक्ष झाल्या. महायुद्धात पाठीचा कणा जायबंदी झालेल्या सैनिकांवर त्यांनी उपचार केले. १९२७ मध्ये त्या गेल्या.

आता घरचं. बाळाला उघडं करून दोन्ही हात सारखे हलतात का बघा. फरक दिसला तर हात ओढू नका, रगडू नका. त्याच आठवड्यात सरकारी रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि व्यायाम शिकून घ्या. पुष्कळ बाळं काही महिन्यांत बरी होतात. तीन महिन्यांतही सुधारणा नसेल तर नसांच्या तज्ज्ञांकडे पाठवायला सांगा, कधी शस्त्रक्रिया लागते आणि तिची वेळ टळू देऊ नये. पापणी खाली आलेली वाटली तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. इजा नसेच्या मुळाशी असल्याची ती खूण असते.