बोटीवरील गॅस पुरवून वापरा

खोल समुद्रातील मासेमारीत गॅस मध्येच संपला, तर खलाशांचे हाल होतात. टंचाईच्या काळात जादा सिलिंडर मिळेलच असे नाही. म्हणून मच्छीमार बांधवांनी बंदर सोडण्यापूर्वी सिलिंडरचे वजन करावे. त्यातून सिलिंडरवर नमूद केलेले रिकाम्या टाकीचे वजन वजा केल्यास शिल्लक गॅस कळतो. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवरूनही असाच अंदाज घ्यावा.

डाळ-तांदूळ भिजवून कुकरमध्ये शिजवावेत. उकळी फुटताच आच मंद करावी. शेगडीला वाऱ्यापासून पत्र्याचा आडोसा करावा.

हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो बोटीच्या तळाशी साचतो आणि ठिणगी पडताच भडका उडतो. म्हणून साठ्याचे सिलिंडर इंजिनाजवळ किंवा डेकखाली ठेवू नयेत. डेकवर उभे, घट्ट बांधून ठेवावेत. स्वयंपाक आटोपताच रेग्युलेटर बंद करावा.