न जळलेलं पेट्रोल जातं कुठे?

सिग्नलला गाडी उभी आहे. होल्डरमधल्या बाटलीतलं पाणी थरथरतंय, स्टिअरिंगवरच्या हाताला बारीक झटके जाणवतायत. घाटात गाडी दम टाकते, सपाटीला लागली की पुन्हा शहाण्यासारखी चालते. गॅरेजवाला क्षणभर कान देतो आणि सांगतो, "मिसिंग आहे." आपण म्हणतो, "बघू पुढच्या सर्व्हिसिंगला."

मिसिंग म्हणजे एखाद्या सिलेंडरमधलं इंधन वेळेवर न पेटणं. इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलेंडर एकदा पेटतो. ३००० आरपीएमला सेकंदाला २५ वेळा. प्लग झिजला, कॉइल गेली किंवा इंजेक्टर तुंबला की त्यातले काही बार फुकट जातात. सीएनजी पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून पेट्रोलवर निभावून नेणारा प्लग सीएनजीवर उघडा पडतो.

गाडी तरी चालतेच, आणि फसगत होते ती इथेच. न जळलेल्या पेट्रोलचा काही भाग सिलेंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा पातळ थर धुऊन खाली उतरतो. ऑइल पातळ होतं. पिस्टन रिंगा आणि बेअरिंगं झिजू लागतात. उरलेलं पेट्रोल, न वापरलेल्या ऑक्सिजनसह, एक्झॉस्टमध्ये शिरतं. तिथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसलेला असतो. आपल्याकडे तो १९९५ साली, शिसेविरहित पेट्रोलसोबत, चार महानगरांतल्या नव्या गाड्यांत आला. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप. धुरातले उरलेसुरले विषारी वायू निवळायचं हे ठिकाण. तिथे कच्चं पेट्रोलच जळू लागलं की जाळी लालबुंद होते, पुढे वितळते. मग धुराची वाट तुंबते आणि धडधाकट सिलेंडरांचाही श्वास कोंडतो. प्लग काही शे रुपयांत येतो. कन्व्हर्टरचं बिल अनेक हजारांत जातं.

म्हणूनच चेक इंजिनचा दिवा नुसता लागणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. बहुतेक गाड्यांत लुकलुकणारा दिवा सांगतो की कन्व्हर्टर आत्ता, या क्षणी भाजतोय. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करावा, सुरक्षित जागी थांबावं, आणि वाळक्या गवतावर तर गाडी मुळीच उभी करू नये. तापलेल्या कन्व्हर्टरने गवत पेटू शकतं.

दोष शोधणं मात्र बऱ्याचदा सोपं असतं. स्कॅनरवर पी०३०१ आला की पहिला सिलेंडर. जाणता मेकॅनिक त्याची कॉइल काढून दुसऱ्यावर बसवतो, दुसऱ्याची पहिल्यावर, आणि गाडी पुन्हा चालवून बघतो. कोड पी०३०२ झाला, तर दुखणं कॉइलसोबत सरकलं, चोर सापडला. कोड जागचा हलला नाही, तर हाच खेळ प्लगांचा. बऱ्याच गाड्यांत हे काम चहा येईपर्यंत उरकतं. त्यासाठी पुढच्या सर्व्हिसिंगची वाट बघायची गरज नसते.