टेलिफोनच्या तारेतली वीज

लाईट गेली तरी लँडलाईन चालू कशी राहते, असा प्रश्न मंडळाच्या एका बैठकीत निघाला. त्याला जोडून लगेच दुसरा आला: मग त्या तारेवर मोबाईल चार्ज करता येईल का? मंडळात फिजिक्सवाली मी एकटीच, म्हणून उत्तर लिहायचं काम माझ्याकडे आलं.

तांब्याच्या तारेची जोडी आपल्या घरातून थेट एक्स्चेंजपर्यंत जाते. तिथे २ व्होल्टच्या २४ सेलची बॅटरी असते, म्हणजे ४८ व्होल्ट. बॅटरी सतत चार्जरवर असते, आणि वीज फार वेळ गेली तर जनरेटर लावतात. सगळी गल्ली अंधारात असली तरी रिसीव्हरमध्ये डायल टोन येतो तो यामुळेच. फार पूर्वी प्रत्येक फोनजवळ स्वतःची बॅटरी असे आणि दांडा फिरवून एक्स्चेंजला हाक मारावी लागे. १८९० च्या दशकात अमेरिकेत सर्वांसाठी एकच बॅटरी एक्स्चेंजमध्ये ठेवायची पद्धत आली.

आता तारेत वीज आहे, तर घ्यायला काय हरकत? खरी मेख इथेच आहे. फोन ठेवलेला असताना तारेत दाब असतो, पण प्रवाह जवळजवळ नसतो. रिसीव्हर उचलला की सर्किट पूर्ण होतं, साधारण २० ते ४० मिलिअँपिअर प्रवाह सुरू होतो आणि त्यावरूनच एक्स्चेंजला कळतं की फोन उचलला. म्हणजे 'फोन उचलला', 'फोन ठेवला' हे आपले शब्दप्रयोग विजेच्या भाषेतही बरोबर आहेत! तुम्ही तारेला बल्ब लावा नाहीतर चार्जर, काही मिलिअँपिअर ओढले की एक्स्चेंज समजतं, कुणीतरी फोन उचललाय. मग बाहेरून फोन करणाऱ्याला लाईन एंगेज मिळते.

फोन ठेवलेल्या स्थितीत किती घेता येईल? अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे तेव्हा उपकरणाचा रोध निदान ५० लाख ओहम हवा. ४८ व्होल्टला हिशेब केला तर प्रवाह येतो सुमारे १० मायक्रोअँपिअर, आणि शक्ती अर्धा मिलिवॅट. एका पेन्सिल सेलवर वर्षभर चालणाऱ्या भिंतीवरच्या घड्याळाची भूक साधारण तेवढीच असते.

रिसीव्हर उचलल्यावर तारेवरचा दाब ८-१० व्होल्टपर्यंत उतरतो. २५ मिलिअँपिअर धरले तर पाव वॅट मिळतो. साध्या फोनचा माईक आणि बटणांचं सर्किट त्यावर आरामात चालतं, एखादा एलईडीसुद्धा पेटतो. पण मोबाईलचा साधा चार्जर ५ वॅटचा, म्हणजे वीसपट. १५ वॅट-तासांची बॅटरी भरायला ६० तास लागतील, आणि तेवढा वेळ फोन बंद! त्याआधीच एक्स्चेंज 'रिसीव्हर नीट ठेवलेला नाही' असं समजून लाईन बाजूला टाकेल. शिवाय रिंग येते तेव्हा तारेवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी असतो. उघड्या तारेला हात लागला तर चांगलाच झटका बसतो. म्हणून हा प्रयोग घरच्या लाईनवर करू नका. घरात आजारी माणूस असेल आणि त्याच वेळी दवाखान्यातून फोन आला तर? तो लागणारच नाही.

आता एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पुष्कळ घरांत तांब्याची तार जाऊन फायबर आलंय. फायबर म्हणजे काच. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही. भिंतीवरचा डबा आपल्याच घरच्या विजेवर चालतो. लाईट गेली की तो बंद, आणि त्याला जोडलेला फोनही बंद. आपल्या भागात पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको. आजी-आजोबांना मात्र अजून वाटतं, 'लाईट गेली तरी आपला फोन आहे.' त्यांच्या घरी फायबर असेल तर त्या डब्याला इन्व्हर्टर किंवा छोटा यूपीएस जोडून द्या. एक्स्चेंजमधली बॅटरी जे काम इतकी वर्षं गुपचूप करत होती, ते आता आपल्यालाच करायचं आहे.