गाडीच्या आठवणींची नक्कल

पावसाळ्याच्या दिवसांत एखादी मोटार अचानक झपाटल्यासारखी वागू लागते. बंद करून ठेवलेली असताना मध्यरात्री तिचे दिवे लागतात, वायपर आपोआप फिरतात, दारांची कुलुपे खटखट उघडतात आणि मिटतात. सकाळी किल्ली फिरवावी तर इंजिन ढिम्म! गॅरेजवाला तपासून सांगतो, "बी.सी.एम. गेला." नवा घालायचा तर खर्च मोठा, शिवाय तो उत्पादकाच्या संगणकाला जोडून 'शिकवावा' लागतो. मग दुसरा मार्ग सुचवला जातो : भंगारातल्या तशाच गाडीचा बी.सी.एम. आणून त्याला जुन्याचा 'क्लोन' करायचा. ही काय भानगड आहे, ते पाहू या. ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण यातले बरेचसे नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रातलेच आहे.

बी.सी.एम. म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल. इंजिनाचा कारभार वेगळ्या नियंत्रकाकडे असतो. दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, काचा, दारांची कुलुपे हा घरगुती कारभार बी.सी.एम.कडे. पूर्वीच्या गाडीत दिव्याच्या बटणातून दिव्याचाच प्रवाह वाहत असे. आता बटण केवळ 'दिवा हवा' एवढा निरोप देते, आणि प्रत्यक्ष प्रवाह बी.सी.एम.मधील रिले किंवा ट्रान्झिस्टर सोडतो.

हे निरोप इतर नियंत्रकांपर्यंत पोहोचवण्यासाठी एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा असतात. या पद्धतीला 'कॅन' म्हणतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने ती १९८६ साली डेट्रॉइट येथे अभियंत्यांच्या परिषदेत मांडली. निरोप नसताना दोन्ही तारांवर सुमारे २.५ व्होल्ट असतात. निरोप जाताना एक ३.५ वर चढते, दुसरी १.५ वर उतरते. बाहेरचा विद्युत-गोंगाट दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच बसतो. ऐकणारा फक्त दोहोंतला फरक मोजत असल्याने तो गोंगाट आपोआप वजा होतो. तारांच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो. बॅटरी सोडवून दोन तारांमधला रोध मोजला तर किती यावा? विद्यार्थ्यांना विचारून पाहा. समांतर जोडणीचे सूत्र ज्याला येते तो ६० म्हणेल, आणि चांगला वायरमन नेमके हेच पाहतो. १२० आले तर एक टोक तुटले आहे, शून्याच्या जवळपास आले तर तारा कुठेतरी चिकटल्या आहेत. दोन्ही प्रसंगी बी.सी.एम. निर्दोष असू शकतो. अशक्त बॅटरी, गंजलेला अर्थ, ओला झालेला जोड यांचे खापर बिचाऱ्या बी.सी.एम.वर फुटण्याचे प्रकार कमी नाहीत, असे आमचे मत आहे.

तरीही तो खरोखर बिघडतो. पुढच्या काचेखालची पाणी वाहून जाण्याची भोके पालापाचोळ्याने तुंबली की पाणी आत झिरपते. ते छापील मंडलावर पोहोचले की दोन पट्ट्यांमध्ये नको तो रस्ता तयार होतो, आणि झपाटल्याचा सारा खेळ तिथून सुरू होतो. काही वेळा वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने डागकाम तडकते.

मग भंगारातला चांगला बी.सी.एम. सरळ बसवला तर? गाडी बहुधा सुरू होणार नाही. शाळेचेच उदाहरण घेऊ. नवा लेखनिक आला. हुशार आहे, सर्व नियम जाणतो. पण जनरल रजिस्टर दुसऱ्याच शाळेचे घेऊन आला. अशा वेळी तो आपल्या विद्यार्थ्याचा दाखला कसा देणार? बी.सी.एम.मध्ये दोन प्रकारची स्मृती असते. एकीत आज्ञावली, म्हणजे काम कसे करायचे ते. ती एकाच जातीच्या सर्व गाड्यांत सारखी असू शकते. दुसरीत त्या एकाच गाडीची माहिती : सतरा अक्षरांकांचा चासिस क्रमांक, गाडीत काय काय बसवले आहे त्याची नोंद, किल्ल्यांची ओळख, काही गाड्यांत धावलेल्या किलोमीटरांचीही एक प्रत. (चासिस क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत, १ आणि ० यांच्याशी गोंधळ नको म्हणून. आर.सी. बुकावर पडताळून पाहावे.)

ही दुसरी स्मृती कित्येक जुन्या बी.सी.एम.मध्ये आठ पायांच्या, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्याच मोठ्या चकतीत असते. तिच्या प्रत्येक कोठडीत चहूबाजूंनी निरोधकाने वेढलेला वाहकाचा एक तुकडा असतो. त्यावर इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत, यावरून ० किंवा १ ठरतो. निरोधकामुळे हा भार वीज बंद असतानाही वर्षानुवर्षे टिकतो. ही तरंगत्या द्वाराची कल्पना बेल प्रयोगशाळेतील दावोन कांग आणि सायमन झी यांनी १९६७ साली मांडली. अशा एका चकतीत २,०४८ बाइट मावतात. आज रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे असे दोन परिच्छेदही तीत मावणार नाहीत. पण तेवढ्यात गाडीची ओळख मावते!

क्लोन करणे म्हणजे जुन्या चकतीतील बाइट जसेच्या तसे वाचून नव्या बी.सी.एम.मध्ये लिहिणे. त्यातील एकही गोष्ट समजून घ्यावी लागत नाही. रजिस्टरची छायाप्रत काढणाऱ्याला मुलांची नावे वाचता यायची गरज नसते, तसेच. जुना बी.सी.एम. जळालेला असला तरी चकती शाबूत असल्यास ती उकलून वाचता येते. मात्र देणारा बी.सी.एम. त्याच भाग-क्रमांकाचा आणि त्याच घडणीचा हवा. नाहीतर पहिल्यात ज्या जागी किल्लीची ओळख लिहिलेली, त्या जागी दुसरा वायपरचा वेग शोधू लागेल. वाचन दोनदा करून दोन्ही प्रती ताडून पाहणे आणि दात्याची मूळ माहितीही जपून ठेवणे, हा जाणत्या कारागिराचा शिरस्ता.

सर्वांत नाजूक प्रश्न किल्लीचा. किल्लीच्या मुठीत एक बारीक चकती आणि वेटोळे असते. चोरी रोखण्यासाठी तिला सेल लागत नाही, कारण कुलुपाभोवतीच्या वेटोळ्यात सेकंदाला सुमारे सव्वा लाख आवर्तने करणारा प्रवाह सोडला जातो आणि फॅरेडेच्या प्रवर्तनाने मुठीतली चकती जागी होते. गाडी एक यादृच्छिक संख्या विचारते, किल्ली आपल्या गुप्त अंकाने तिचे रूपांतर करून उत्तर देते. उत्तर जुळले तरच इंजिनाला परवानगी. युरोपीय संघात ही व्यवस्था १९९८ पासून नव्या मोटारींना सक्तीची झाली. अनेक गाड्यांत हा गुप्त अंक बी.सी.एम.च्या स्मृतीत असतो, म्हणूनच क्लोन बसवल्यावर जुन्याच किल्ल्या चालतात. आणि म्हणूनच हे तंत्र दुधारी आहे. जो मालकाची गाडी जिवंत करू शकतो, तो चोरीच्या गाडीला दुसऱ्या गाडीची ओळखही चढवू शकतो, किंवा किलोमीटर मागे नेऊ शकतो. काम देण्यापूर्वी गाडीची कागदपत्रे मागणारा कारागीर आपल्यावर संशय घेतो असे समजू नये.

दूरनियंत्रकाची गंमत वेगळीच. दरवेळी बटण दाबले की त्यातला गणक एकाने पुढे जातो आणि गाडीही तो लक्षात ठेवते. मागचा आकडा पुन्हा आला तर ती नाकारते. मुलांनी खेळताना लांबून चार-दोनदा दाबले तर? त्यासाठी गाडी थोडा पुढचा आकडाही मान्य करते. पण वर्षापूर्वी घेतलेली प्रत आज बी.सी.एम.मध्ये भरली तर गाडीचा गणक वर्षभर मागे जातो. दूरनियंत्रक फारच पुढे गेल्याने गाडी त्याला ओळखेनाशी होऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे, मधल्या काळात कोणी चोरून नोंदवलेला संकेत तिला पुन्हा खरा वाटू शकतो. प्रत शक्यतो ताजीच घ्यावी, ती यासाठी.

नव्या गाड्यांत मात्र छायाप्रतीचा हा मार्ग अरुंद होत चालला आहे. स्मृती आणि प्रक्रियक एकाच चकतीत आले. बाहेरून वाचन कुलूपबंद झाले. काहींमध्ये प्रत्येक चकतीला स्वतःचा न बदलणारा गुप्त अंक असल्याने बाइट हुबेहूब उतरवले तरी उपयोग होत नाही. उत्पादकाच्या संगणकाकडून मान्यता घ्यावीच लागते. यामुळे चोराचे काम अवघड झाले, आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजचेही. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग आणि तपासणीची साधने मिळत नाहीत या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार उत्पादकांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावणारा आदेश दिला होता. सुटा भाग दुकानात मिळाला, पण त्याला गाडीची ओळख देण्याची परवानगी फक्त उत्पादकाच्या हाती राहिली, तर तो भाग खरोखर मिळाला असे म्हणायचे का? वरच्या वर्गात या प्रश्नावर दोन बाजू पाडून वाद घडवता येईल. मालकाची बाजू आणि चोरीच्या बंदोबस्ताची बाजू, दोन्हींकडे बोलण्यासारखे पुष्कळ आहे.