पक्षाघात ओसरल्यावर उरणारा थकवा

अर्धांगवायूचा झटका आलेला माणूस काही महिन्यांनी काठीवाचून अंगणात हिंडू लागला, की घरची माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. वाकडे झालेले तोंड सरळ झाले, बोबडी वळलेली जीभ सुटली, हाताची मूठ मिटू लागली. तेव्हा दुखणे गेले, असा सरळ हिशेब असतो. नेमकी याच सुमारास एक निराळी तक्रार पुढे येते. तासाभराच्या कामाने सारे अंग जड होते, समोरच्याचे बोलणे ऐकण्याचेही त्राण उरत नाही आणि दुपारभर निजूनही तो शीण उतरत नाही.

ही तक्रार मनाचा खेळ नव्हे. पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना हा थकवा जाणवतो, असे देशोदेशींच्या पाहण्यांतून दिसले आहे. काहींची तो वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही. झटका सौम्य होता म्हणून थकवाही सौम्य असेल, असे मुळीच नाही. नैराश्याशी त्याचे नाते असले, तरी ज्यांचे मन प्रसन्न आहे त्यांनाही तो गाठतो. शिवाय लुळा पाय ओढत चालणाऱ्याची शक्ती निरोगी माणसाच्या दीडपट-दुपटीपर्यंत खर्ची पडू शकते.

पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू माणसांचा रोग, ही समजूतही आता टिकणारी नाही. गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत ‘सर्च’ संस्थेने २०११ ते २०१३ या काळात केलेल्या पाहणीत मृत्यूच्या कारणांत पक्षाघात पहिला निघाला. दर सात मृत्यूंमागे सुमारे एक.

असा रुग्ण जव्हार किंवा मोखाडा तालुक्यातला असला तर? पर्यटक जव्हारला ‘ठाण्याचे महाबळेश्वर’ म्हणतात. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी हे कौतुकाचे नाव चिकटून राहिले आहे. तिथल्या रहिवाशाला मात्र तो डोंगर रोज चढावा-उतरावा लागतो. उतारावरची नागली-वरई, खाचरातली भाताची आवणी, पावसाळा सरल्यावर वीटभट्टीची वाट, उन्हाळ्यात डोक्यावरून आणायचे पाणी. बसून करण्याजोगे काम यांत कोणते? शहरातल्या कारकुनाला हाच आजार झाला, तर तो एकच कागद तीनदा वाचतो आणि वेळ निभावून नेतो. मातीकामावरच्या मजुराचे दाम खोदलेल्या मातीच्या मापावर ठरते. तिथे निभावून नेणे नाही. आवणी चालू असता धडधाकट दिसणारा माणूस बांधावर बसून राहिला, की ‘कामचुकार’ हा शब्द गावात फिरायला वेळ लागत नाही.

सरकारी कागदालाही हा थकवा दिसत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील बहुतेक सवलतींसाठी निदान ४० टक्के अपंगत्व लागते, आणि पक्षाघातात ते मुख्यतः हातापायांच्या लुळेपणावरून ठरते. सकाळी दहाला उचललेला हात दुपारी एकला उचलेल काय, हा प्रश्न तपासणीत विचारलाच जात नाही.

या थकव्यावर खात्रीचे असे औषध अद्याप नाही. परंतु त्यात भर घालणारी कारणे पुष्कळदा दूर करता येतात: रक्तक्षय, मोडलेली झोप, नैराश्य, रक्तदाबावरची काही औषधे. आदिवासी भागात रक्तक्षय किती पसरला आहे हे सर्वज्ञात आहे, आणि त्याची तपासणी रक्ताच्या थेंबावर होते. रक्तदाबाची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करता कामा नये. डॉक्टरांना सांगून ती बदलून घ्यावी. जड काम सकाळच्या गारव्यात करावे, दमून पडण्याआधीच थांबावे, थोडे चालणे रोज ठेवावे.

रुग्णाला घरी पाठवताना एवढे सांगायला डॉक्टरांना वा परिचारिकेला पाच मिनिटे पुरतात. आणि ते रुग्णाइतकेच त्याच्या बायकोला सांगायला हवे. कारण नवरा बांधावर बसला की उरलेली आवणी, पाणी आणि लाकूडफाटा तिच्याच वाट्याला येतो, आणि त्याच्या बसण्याचे कारण तिला कोणी सांगितलेले नसते.