हिंगणघाटी समुद्र

ज्या गावाच्या नावाने कापसाची एक प्रतच एके काळी विलायतेच्या बाजारात ओळखली जात असे, त्या हिंगणघाटात वणा नदी आहे, काळी जमीन आहे, रुईच्या गासड्या आहेत. समुद्र तेवढा नाही. तथापि एखाद्या जिनिंगच्या कचेरीत अथवा घरच्या बैठकीत खाऱ्या पाण्याची काचपेटी मांडण्याची हौस कोणास झालीच, तर मासे कोणते घ्यावेत याचा विचार करण्यापूर्वी समुद्रच तोलून, मोजून, बादलीत कालवावा लागतो, हे त्याने ध्यानी धरावे.

मुंबईकरांची गोष्ट निराळी. मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले. आठ लाखांच्या खर्चापैकी दोन लाख ज्या पारशी दात्याने दिले, त्याचेच नाव इमारतीस मिळाले. मुंबई पाहावयास गेलेल्या वऱ्हाडी पाहुण्याच्या फेरीत राणीच्या बागेजोडीने हे स्थळ ठरलेलेच असे; आणि तेथून बाहेर पडून रस्ता ओलांडला की समुद्र!

आमच्याकडे चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशा पेटीत सुमारे २५० लिटर पाणी मावते, आणि लिटरमागे ३५ ग्रॅम या हिशेबाने त्यात पावणेनऊ किलो क्षार पडतात. स्वयंपाकघरातील मीठ येथे कामाचे नाही; कारण समुद्राच्या त्या ३५ ग्रॅमांपैकी साधे मीठ २७ ग्रॅमच्या आसपास असून उरलेल्या भागात मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट इत्यादींचा ऐवज असतो, म्हणून तयार मिश्रणच विकत घ्यावे. बोअरचे पाणी, ज्याने बादलीच्या काठावर पांढरा थर धरतो, तेही आधी आरओमधून काढावे.

पेटी, पाणी व दगड मिळून भार ३०० किलोंच्या पार जातो. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात फुगणारी काळी माती ज्या घराच्या पायाखाली आहे, तेथील फरशी सरळ असेलच असे गृहीत धरू नये. पाणसळ लावून पाहावी, नाहीतर भरलेले पाणीच काचेवर तिरकी रेघ ओढून घराची चुगली करते.

सजावटीत माझा कटाक्ष मोकळ्या जागेवर आहे. प्लास्टिकचा पाणबुड्या आणि बुडबुडे सोडणारी खजिन्याची पेटी मला पाहवत नाही. खऱ्या प्रवाळाचा मोहही नको. तो वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे शोभेपायी फौजदारी. सच्छिद्र कृत्रिम दगडांची एक मोठी व एक लहान अशी रास, मध्यापासून जरा बाजूला, तळाच्या काचेवरच टेकवून रचावी आणि वाळू मागाहून पसरावी. वाळूवर रचलेली रास मासे खालून उकरतात आणि मग ती ढासळते. काच पुसणारा हात फिरेल एवढी, चार बोटे तरी, जागा सभोवार ठेवावी. मागील काचेस काळा रंग दिला की पिवळा-नारिंगी मासा उठून दिसतो.

मात्र मासा लगेच सोडावयाचा नाही. माशांच्या उत्सर्जनातून निघणाऱ्या विषारी अमोनियाचे प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करणारे सूक्ष्मजंतू त्या दगडांच्या छिद्रांत वस्तीस येईपर्यंत चार ते सहा आठवडे जातात, आणि तोवर निर्जीव देखाव्याकडे पाहत बसणे हौशी माणसास शिक्षेसारखे वाटते.

मे महिना ही खरी परीक्षा. बाहेर पारा ४५ अंशांवर, आणि पाणी २६ अंशांच्या आसपास हवे! यंत्राने पाणी थंड करण्याची तजवीज महागडी. पण ज्या तत्त्वावर आमचा कूलर चालतो, त्याच तत्त्वावर पाण्याच्या पृष्ठभागावर लावलेला साधा पंखाही कोरड्या हवेत ताप बराच उतरवतो. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती लंगडी पडते. येथे वैदर्भीय उन्हाळाच कामास येतो.

त्याची किंमत अशी, की पाणी उडते आणि मीठ मागे राहते. म्हणून काचेवर पेन्सिलची खूण करून, पातळी जेवढी खाली गेली तेवढे गोडे पाणी रोज सकाळी ओतावयाचे, खारे नव्हे, हे शिपायास दहादा बजावावे लागते. रविवारी कचेरीस कुलूप असते, पाणी मात्र उडतच राहते. तेव्हा मासे आणण्याआधी दुसरी किल्ली कोणाकडे ठेवावयाची, एवढे ठरवून ठेवावे.